वैद्याचा डबा आणि माझी जळजळ

मंडळी, आज दुपारी मस्तगडात आमच्या वैद्यमित्राकडे फौजदार आले. डब्यावर 'विजया' लिहिलेलं. वैद्याकडे भांगेचा परवाना, फौजदारांना संशय गांजाचा.

अर्थ सांगायला मला, संस्कृतच्या मास्तराला, बोलावलं. विजया म्हणजे भांगच, असं सांगून मी उत्साहाने तिची आणखी पाच संस्कृत नावं ऐकवली. फौजदार वैद्याला म्हणाले, "एवढी नावं? चला ठाण्यात."

तेवढ्यात वैद्याची बायको बाहेर आली. तिने डबा कागदावर पालथा केला. "साहेब, गांजा म्हंजे फुलोरा. ही निव्वळ पानं हायेत, मी सोता निवडलेली. एक बोंड दाखवा, मंग मला बी न्या."

बोंड सापडलं नाही. फौजदार गेले.

मित्र सुटला, बरंच झालं. पण तेव्हापासून त्याचा हेवा वाटून राह्यलाय. माझ्यासाठी असं कोण बोलेल, हे घरी विचारायचं धाडस झालेलं नाही. तुम्ही विचारलंय कधी?