सुई ओवण्याजोगा दिवा

२०२४ साल, चैत्र अर्धा सरलेला. वडूजला आमचं नवं घर उभं राहिलं, आणि हॉलला दिवा कुठला लावायचा यावरून किस्से साठायला लागले. घर बांधणारा एक, शहाणे दहा. मी कुणाला विचारायला गेलो नव्हतो, तरी पोतं भरलं!

मला दिवा एकाच कामासाठी हवा होता. शेजारच्या अनुसयाबाईंनी आमच्या नातीच्या बारशाला स्वतः शिवलेली गोधडी दिली होती. आमच्याकडे हाताची गोधडी हातानंच फेडतात. आता त्यांच्याकडं बारसं ठरलं होतं. माझ्या बायकोला, पारूबाईला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ऊन सोसत नव्हतं, आणि घरात बसावं तर सुई दिसत नव्हती.

मुलगा संदीप पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, गोधडी विकत मिळती की."

पारूबाईनं फोनच ठेवला.

*

पुढच्या रविवारी संदीप आला. त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी हॉल दाखवला. फॉल्स सीलिंग, आणि कडेनं पिवळा उजेड.

"यात दिवा कुठाय?"

"लपवलेला असतो, आबा. त्यानं हॉलला मूड येतो."

"मूड तुझ्या आईला लय हाय. उजेड न्हाई!"

त्यानं मोबाइल खिशात घातला.

*

सर्जेराव माझा जुना मित्र, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. त्यानं हॉलला झुंबर लावलं होतं. मोठ्या हॉटेलात बघितलं, तेवढंच आणलं. हॉटेलचं छत उंच, याचं हात वर केला की लागतं.

मुलीच्या साखरपुड्याला सोयरे आले. दारात फेटे बांधले. मुलाचे आजोबा ऐटीत हॉलमध्ये शिरले आणि तुरा झुंबरात अडकला. आजोबा पुढं गेले, फेटा तिथंच!

सर्जेराव परेडच्या आवाजात म्हणाला, "आमच्या घरात पहिला मान दिव्याचा!"

सोयरे हसले, लग्न झालं. झुंबर माळ्यावर गेलं. तरी तो मला म्हणतो कसा, "गड्या, घेऊन जा. नवंकोरं हाय."

*

बापू पलीकडच्या गल्लीतला. त्याच्या हॉलला सेन्सरचा दिवा. माणूस हलला की लागतो, गप्प बसला की विझतो.

बापूचे चुलते वारले. आम्ही त्याच्या घरी चुलतीला भेटायला गेलो. अशा वेळी कोण हलतंय? सगळे खाली मान घालून बसलो. दिवा विझला. कुणीतरी हात हलवला, दिवा लागला. आता दिवेलागणीची वेळ, दिवा लागला की हात जोडायची आमची सवय. सगळ्यांनी जोडले. चुलतीला वाटलं, मंडळी निघाली. बिचारी निरोप द्यायला उठली.

ती बसली. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, पुन्हा सगळ्यांचे हात!

चौथ्या वेळी चुलती म्हणाली, "आवं, जायाचं आसंल तर जावा. सारखं सारखं इचारू नका!"

*

मग मी कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं. खिशात सुई आणि काळा दोरा घेतला आणि साताऱ्याला गेलो.

दुकानदारानं विचारलं, "किती वॅटचा दाखवू?"

"सुई ओवता यील एवढ्या वॅटचा."

एकेका दिव्याखाली उभा राहून मी सुई ओवायला लागलो. बघायला गर्दी जमली. दुकानदार म्हणाला, "आजोबा, हे लाइटचं दुकान हाय, शिलाईचं न्हाई."

"म्हणूनच सुई घरनं आणली."

सगळ्यात जास्त उजेडाचा दिवा घेतला. घरी लावला. पारूबाई भिंतीला टेकून खाली बसली, सुई हातात घेतली आणि ठेवून दिली.

"दिसंना?"

"माझीच सावली सुईवर पडतीया. आन् सुई तुमी ओवून बघितली. डोळं तुमचं, शिवायचं मी. हे कुठलं माप?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच साताऱ्याला गेलो.

*

ती दुकानात सरळ फरशीवर बसली. म्हणाली, "मी घरात आशी बसती. आता दावा."

दुकानदार मुकाट्यानं एकेक दिवा खाली आणून धरायला लागला. तिनं भिंतीवरचा एक साधा दिवा निवडला. डाव्या अंगाला, बसल्यावर कानाच्या उंचीवर धरला की सावली पडत नव्हती.

वायरमनला जागा दाखवली तर तो हात लावेना. "आजोबा, हॉलचा दिवा फरशीपासून दोन फुटांवर? लोक हसतील."

"हसूंदे. उजेडात दात तरी दिसतील!"

त्यानं भिंत फोडली.

*

दिवा लागला. पारूबाई खाली बसली. दोरा जिभेला लावला, सुई डोळ्यापुढं धरली. एकदा चुकली. मी पुढं झालो तर तिनं हातानंच मागं सारलं. दुसऱ्यांदा दोरा आरपार गेला.

मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"काय झालं?"

"आवं, तुमी लय म्हातारं झालासा की!"

"दिवा बंद कर."

"आता न्हाई. गोधडी हुस्तवर न्हाई."

बारशाच्या दिवशी तिनं ती गोधडी अनुसयाबाईंच्या घरी पाळण्यात स्वतःच्या हातानं अंथरली. फेड झाली.