डब्यांच्या तोंडावरची बटणं

माझी थोरली बहीण बावीस वर्षं बटणं विकते. बटणं, दोरे, लेस. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर पडावं लागतं. मागच्या भिंतीला छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे, आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर नमुना म्हणून आतलंच एक बटण शिवलेलं. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, ताईनं स्टुलावर चढून डबा काढायचा.

गेल्या वर्षी घाऊक व्यापाऱ्यानं उधारी बंद केली आणि डबे एकेक करून रिकामे होत गेले. ताईनं ते जागचे हलवले नाहीत. "भिंत बोडकी दिसली की कुणी फिरकत नाही," म्हणायची. रिकाम्या डब्याकडे कुणी बोट दाखवलं, तर "उद्या येतोय माल." तो उद्या काही उजाडला नाही.

मग कुणीतरी सरकारी हमीच्या कर्जाचं सांगितलं. तारण नको, जामीनदार नको, कर्ज बुडालं तर बँकेला सरकार भरून देणार. ऐकायला किती सोपं! प्रत्यक्षात बँकेच्या पायऱ्या झिजवून ताईचे गुडघे बोलायला लागले. आज अर्ज जुना, उद्या सही जुळत नाही, परवा साहेब रजेवर. मी एकदा काउंटरवर आवाज चढवला, तर ताईनं मलाच बाहेर काढलं. कर्ज नाही मिळालं तर दुकानाची किल्ली जागामालकाला देऊन मोकळं व्हायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटी साहेब दुकान बघायला येणार असं कळलं. आणि आमच्या ताईनं काय करावं? सकाळीच जाऊन सगळे डबे पुसले, ओळीत लावले, निखळलेली नमुन्याची बटणं पुन्हा शिवली. पाहुणा यायचा म्हणून घर आवरावं तसं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तर कौतुकच केलं.

साहेब भला माणूस होता. भिंत बघून खूश झाला. "दुकान गच्च भरलंय की तुमचं. अर्जात तर माल भरायला पैसे हवेत म्हणता. मी काय लिहू आता?"

ताईनं दाराकडे बघितलं. दारात शिंपीणबाई उभ्या होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. मी म्हणालो, "ताई, सांग ना." तिनं माझ्याकडे इतकं थकून बघितलं की मला माझाच राग आला.

मग ती स्टुलावर चढली. एक डबा काढला, झाकण उघडून साहेबांपुढे ठेवला. रिकामा. दुसरा काढला. तोही रिकामा. तिसऱ्यात तळाशी दोन बटणं होती.

"पुरे बाई, कळलं मला," साहेब म्हणाले.

ती थांबली नाही. काउंटर भरल्यावर जमिनीवर मांडू लागली. शिंपीणबाई दोऱ्यांच्या रिळांकडे बघत राहिल्या. साहेबांनी मान खाली घालून कागदावर लिहिलं, "माल अपुरा."

तीन आठवड्यांनी कर्ज मंजूर झालं. दुकान वाचलं, डबे पुन्हा भरले. पण आता कुणीही बोट दाखवलं की ताई आधी झाकण काढते आणि डबा त्याच्यासमोर तिरका धरते. "बघा, आहेत," म्हणते. कुणी काही विचारलेलं नसतं.