व्हर्नाच्या हिरव्या कुकीज

आमच्या गल्लीतलं एखादं पोर ३० ऑक्टोबरला दुपारी सापडत नसेल तर त्याची आई सरळ व्हर्ना क्रोपाचेकच्या मागच्या दाराशी यायची. आमच्या डे मॉइन शहरात मुलं हॅलोविनचा खाऊ मागायला आदल्या दिवशी निघतात, संध्याकाळी सहा ते आठ, आणि खाऊ फुकट मिळत नाही. दार उघडेल त्याला आधी एक जोक सांगायचा. मगच पिशवीत काहीतरी पडतं. तोंड न उघडता नुसती पिशवी पुढे करणारं पोर दिसलं की आम्ही ओळखतो, हे बाहेरगावचं.

व्हर्नाकडे त्या दुपारी दोन कामं व्हायची. पोटं भरायची आणि जोक तपासले जायचे.

"रिकाम्या पोटावर चॉकलेटं खाल आणि घरी जाऊन गालिच्यावर ओकाल," ती म्हणायची. "मग आया मला बोलणार. बसा. केळी सोला."

केळ्याचे अर्धे तुकडे ताटलीत उभे करायचे, चॉकलेटच्या बारक्या दाण्यांचे दोन डोळे लावायचे, की झालं भूत. संत्री सोलून वर सेलरीच्या हिरव्या देठाचा तुकडा खोचला की भोपळा. सॉसेजला कणकेच्या पट्ट्या गुंडाळून भाजल्या की ममी. आणि सगळ्यांचे लाडके जबडे: लाल सफरचंदाच्या दोन फोडी, मध्ये पीनट बटरचा थर, त्यात मार्शमेलोचे दात. चार वर्षांचं मूलही करू शकेल असं सगळं. मी स्वतः तिथे नऊ वर्षं जबडे केले. पुढे अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेतलं, आता एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. पण हात धुतल्याशिवाय भांड्याला शिवायचं नाही, हे मला कॉलेजने शिकवलेलं नाही.

खाता खाता एकेकाने जोक सांगायचा. व्हर्ना हाताची घडी घालून समोर उभी. तिचा चेहरा तेव्हा बँकेच्या खिडकीतल्या बाईसारखा व्हायचा. ती हसली तर जोक पास. माझ्या नऊ वर्षांत ती दोनदा हसली, आणि त्यातला एकही जोक माझा नव्हता.

व्हर्ना सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ठेंगणी, रुंद मनगटांची, केसांवर कायम जाळी. निवृत्तीला चार वर्षं असताना तिने अचानक काम सोडलं. का, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं. त्या दिवशी दोनशे सँडविचेस तिरकी कापायची होती. पीनट बटरची कापून झाली, तिने सुरी ॲप्रनला पुसली आणि चीजची कापायला घेतली. वेस्ली नावाच्या दुसरीतल्या मुलाला शेंगदाणा चालत नव्हता. त्याने चीजचं सँडविच खाल्लं. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास अडकला, ॲम्ब्युलन्स आली. मुलगा वाचला. शाळेने तिला कामावरून काढलं नाही, मुलाच्या आईनेही तक्रार केली नाही. वर्ष संपल्यावर व्हर्नानेच जाळी काढून ठेवली.

गल्लीतली दुपार मात्र तिने चालू ठेवली. दर सप्टेंबरात घरोघर विचारून यायची, कुणाला काही चालत नाही असं आहे का. अकरा वर्षं सगळ्यांनी नाही म्हटलं.

बाराव्या वर्षी समोरच्या घरात कोरीन राहायला आली, सात वर्षांच्या मुलीला घेऊन. व्हर्ना विचारायला जाण्याआधीच मुलगी तिच्या दाराशी हजर झाली. पाठीवर दप्तर, दप्तराला लटकवलेली लाल थैली.

"केळ्यांची भुतं करतात ते घर हेच का?"

"तू कोण?"

"ओपल. मला शेंगदाणे चालत नाहीत. श्वास बंद होतो. पण केळी चालतात, संत्री चालतात, सॉसेज चालतं. म्हणून मी विचारायला आले."

व्हर्नाने चौकटीला हात टेकला. लाल थैलीत काय असतं ते तिला ठाऊक होतं. मांडीत टोचायची दोन इंजेक्शनं.

"यंदा नाही करणार मी," ती म्हणाली. "वय झालं आता. कुणासाठीच नाही."

ओपलने मान डोलवली आणि रस्ता ओलांडून घरी गेली. नाही ऐकायची सवय असलेली मुलं हट्ट करत नाहीत.

एकट्या ओपलला नको म्हणणं व्हर्नाच्या तोंडून निघालं नसतं, म्हणून तिने सगळ्यांनाच नको म्हटलं. यात तिला न्याय वाटत होता. आठवडाभराने कोपऱ्यावरच्या घरातला डेक्स्टर तिच्या अंगणातली गळलेली पानं गोळा करायला आला. दहा वर्षांचा, तोंडाने आगाऊ.

"त्या नव्या मुलीमुळेच ना?" पंज्याने पानं ओढता ओढता तो म्हणाला.

"काय तिच्यामुळे?"

"तुम्ही बंद केलं ते. शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना माहितीये. आम्ही तिला शेजारी बसू देत नाही."

"कोण आम्ही?"

"सगळेच."

"तू पण?"

डेक्स्टरने पंजा जोरात ओढला. "मी काय एकट्याने सुरुवात केली का?"

व्हर्नाने पंजा त्याच्या हातातून काढून घेतला. "जा घरी."

"अजून अर्धं अंगण राहिलंय, मिस व्हर्ना."

"राहू दे. जा म्हटलं ना."

त्या संध्याकाळी मी कामावरून येत होते. बघते तर व्हर्ना कोट घालून फुटपाथवर उभी, रस्त्यापलीकडच्या दिव्याकडे बघत. मी गाडी थांबवली.

"लेना, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मी मध्येच परत फिरले तर धरून ने."

कोरीनच्या घरात अजून खोकी रचलेली होती. व्हर्ना बसली नाही. कोट न काढता, ओपल आत टीव्ही बघत असताना, हळू आवाजात तिने वेस्लीचं सगळं सांगितलं. किती वाजता, कोणती सुरी, ॲप्रन कोणत्या रंगाचं. "मी सुरी पुसली. धुतली नाही," असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "तुमची मुलगी माझ्या दाराशी आली होती. मी तिला खोटं सांगितलं. वयाचं काही नाही. मला भीती वाटली. आता त्याचा त्रास तिला होतोय, बसमध्ये."

कोरीन उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही दार दाखवणार.

"दर वेळी नव्या घरी गेलो की लोक मला सांगतात, काळजी करू नका, आमच्याकडे काही होत नाही," ती म्हणाली. "तसं म्हणणाऱ्याच्या घरी मी ओपलला पाणीसुद्धा पिऊ देत नाही. झालेलं कुणी येऊन सांगितलं, हे पहिल्यांदाच." तिने आतल्या टीव्हीकडे एकदा पाहिलं. "तुम्ही केलंत तर मी येईन. इंजेक्शन घेऊन दाराशी बसेन."

"दाराशी कशाला? माझ्या स्वयंपाकघरात हात रिकामे ठेवून कुणी बसत नाही. संत्री सोलाल."

मग व्हर्नाने घर धुवायला काढलं. तीन दिवस. पीनट बटरच्या बरण्या माझ्याकडे आल्या. भाजी कापायच्या लाकडी फळ्या, लाकडी चमचे गेले, कारण लाकूड आत शोषून घेतं. तिच्या आईने प्राग सोडताना आणलेलं लाटणं हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मग कागदात गुंडाळून तेही माझ्या हातात दिलं. "टाकू नकोस. फक्त माझ्या घरात नको." कपाटांच्या मुठी, फ्रिजचं हँडल, रेडिओची बटणंसुद्धा तिने साबणाने पुसून पाण्याने पुसून पुन्हा साबणाने पुसली. नवी सुरी आणली. चॉकलेटच्या दाण्यांच्या पुड्या तीन दुकानांत वाचून चौथ्या दुकानातून घेतल्या. जबड्यांसाठी सूर्यफुलाच्या बियांचं बटर आणलं. दिसायला तसंच, चवीला जरा कडवट.

ते बटर जास्तीचं होतं म्हणून २९ तारखेला संध्याकाळी तिने त्याच्या कुकीज भाजल्या. नेहमीचीच पाककृती, फक्त बटर वेगळं.

३० तारखेला सकाळी सात वाजता माझा फोन वाजला.

"लेना, ये. आत्ता ये."

मी स्वेटर उलटा घालून धावले. व्हर्ना टेबलाशी बसली होती. समोर ट्रेमध्ये छान तांबूस कुकीज, आणि मधोमध मोडलेली एक. आतून हिरवीगार. तळ्यातल्या शेवाळासारखी.

"काल आतून पिवळसर होत्या," ती म्हणाली. तिने ट्रे दूर सारला. "मी काहीतरी केलंय. काय केलं ते कळत नाही. कोरीनला सांग, रद्द. मला परत हे नको."

मी बरणी उचलून वाचली. पाककृतीचा कागद वाचला. खायचा सोडा, दोन चमचे. मला हसू आलं, आणि ते मी गिळलं.

"व्हर्ना, हे सोड्यामुळे झालंय. सूर्यफुलाच्या बियांमध्ये एक द्रव्य असतं, त्याला सोडा लागला की थंड होता होता ते हिरवं होतं. बिघडलेलं नाही. आम्ही हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुद्दाम करून बघितलं होतं."

"कॉलेजात कुकीज हिरव्या करायला शिकवतात?"

"दुसऱ्या वर्षाला."

"आणि तुझी आई म्हणायची पोरगी फार अभ्यास करते." पण ती हसली नाही. मोडलेला तुकडा तिने नाकाशी नेला, खाली ठेवला. "तू म्हणतेस म्हणून मी मानेन. पण ओपल माझी पोर नाही. तिच्या आईला बोलाव."

मी म्हणाले, कुकीज फेकून दे की, भुतं आणि भोपळे आहेत. व्हर्नाने नकार दिला. फेकून दिल्या तर आणखी एक गोष्ट लपवल्यासारखी होईल, असं तिचं म्हणणं होतं.

कोरीन आली. बरणी वाचली, पिठाची पिशवी वाचली, सोड्याचा डबा वाचला, मग फोनवर काहीतरी शोधून वाचलं. तिच्यामागून झोपेने विस्कटलेले केस घेऊन आलेली ओपल टेबलाजवळ पोचली आणि किंचाळली, "राक्षसाचा मेंदू! आई, बघ! कुणाकडेच असा नसेल!"

कोरीनने फोन खिशात टाकला. "तीन वाजता येतो आम्ही," ती म्हणाली.

तीन वाजता अकरा मुलं आली. दाराशीच व्हर्ना, केसांवर जाळी. "हात. साबणाने. मनगटापर्यंत."

"मी येताना हाताला सॅनिटायझर जेल लावलंय," डेक्स्टर म्हणाला.

"जेलने जंतू मरतात. पीनट बटर मरत नाही. दुपारी काय खाल्लंस?"

डेक्स्टर नळाकडे गेला. धुऊन झाल्यावर तो टेबलाशी आला. ओपलच्या शेजारची एकच खुर्ची रिकामी होती. तो जरा घुटमळला, मग बसला, आणि कुणी काही विचारण्याआधी म्हणाला, "मला केळी इथूनच जवळ पडतात."

भुतं झाली, ममी झाल्या. जबड्यांना वाकडे दात बसले. कोरीन संत्री सोलत होती; लाल थैली तिच्या कोपराशी होती. मेंदू फोडून आत बघायची घाई इतकी झाली की ट्रे दहा मिनिटांत निम्मा झाला. ओपलने तिची कुकी दोन्ही हातांनी मोडली, आतलं हिरवं सगळ्यांना दाखवलं, आणि खाल्ली. कोरीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. व्हर्नानेही बघितलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

"जोक," व्हर्ना म्हणाली.

डेक्स्टर उभा राहिला. "भूत शाळेत रोज येतं, तरी नापास का होतं?"

"का?"

"कारण बाई हजेरी घेतात तेव्हा ते कुणाला दिसतच नाही!"

बँकेच्या खिडकीतली बाई. "पुढचा."

एकेक जोक पडत गेला. सांगाड्याचा, चेटकिणीच्या झाडूचा, कोपऱ्यावरच्या कुत्र्याचा. आया एकेक करून यायला लागल्या. बाहेर थंडी पडली होती, म्हणून पोशाखांच्या आत जाड कोट चढवले जात होते आणि एक सडपातळ परी बघता बघता पिंपासारखी झाली. चार वाजले. व्हर्नाची नजर घड्याळावरून ओपलच्या ओठांवर आणि ओठांवरून घड्याळावर. ओठ नेहमीसारखेच होते, फक्त कडेला हिरवा चुरा.

"तू राहिलीस," व्हर्ना तिला म्हणाली.

ओपल खुर्चीवर चढली. "एका मुलीने राक्षसाचा मेंदू खाल्ला. मग काय झालं?"

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

ओपलने आईकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि हात पसरून म्हणाली,

"काहीच नाही!"

व्हर्नाच्या घशातून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं तिला ठसका लागला. मग ती टेबलाला धरून हसायला लागली, जाळी कपाळावर सरकली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पलीकडे कोरीन हातात अर्धं सोललेलं संत्रं धरून तितक्याच जोरात हसत होती. खुर्चीवरची ओपल खूश होऊन वाकून नमस्कार करत होती.

"पास?" तिने विचारलं.

व्हर्नाने नुसती मान हलवली.

"हा जोक नाहीये!" डेक्स्टर ओरडला. "यात हसण्यासारखं काय आहे? काहीच झालं नाही, मग जोक कुठेय?"

त्याला कुणी समजावलं नाही. कोट चढवताना, बूट घालताना तो तेच विचारत होता. आणि सहा वाजता गल्लीतल्या पहिल्या दाराची बेल वाजवून ओपलने तोच जोक सांगितला तेव्हा आतले लोक तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग डेक्स्टरनेच त्यांना बजावलं, "हिचा पास आहे. मिस व्हर्ना हसली होती. चॉकलेट द्या."