आ कर

“आ कर,” म्हणत त्या दिसेल त्या लेकराची हनुवटी धरायच्या आणि अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलायच्या. बाजारात बैलाचे दात बघतात तसे. लेकरू कुणाचं, हे नंतर. आम्ही कुरुळीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतलं सामान उतरायच्या आधी माझ्या तान्ह्याचं तोंड तपासून झालं होतं.

त्या आमच्या घरमालकीण. शेतात कंपन्या आल्या, उरलेल्या तुकड्यावर मुलाने खोल्यांची चाळ बांधली आणि तीत आमच्यासारखी शिफ्टवाली माणसं भरली. सगळे त्यांना आजी म्हणत. त्या शब्दातला मऊपणा त्यांच्यात शोधू नका. इतका डूख धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हा डूख होता दुधाच्या बाटलीवर.

बाटली तोंडात घेऊन झोपलेलं मूल दिसलं की त्या बाटली अलगद काढून घेत, तिचं रबरी निपल विळीवर उभं चिरत आणि अंगणातल्या तारेत ओवून ठेवत. नवे भाडेकरू हळूच विचारायचे, ही कसली बाधा उतरवलीय? कोपऱ्यावरचा दुकानदार लाडाने पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायचा. आजी त्याच्या पायरीवर ठाण मांडून येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याच्या देखत सांगू लागल्या, की हा गोळी देत नाही, कीड देतो. शेवटी तो कंटाळला. त्यांना येताना पाहिलं की गोळ्यांची बरणी आत आणि कुरमुरे बाहेर.

तुम्ही इकडच्या चाळींतून राहिला असाल तर यामागची गोष्ट तुम्हाला नवी नाही. आजींचा मुलगा कायम रात्रपाळीला. बाकी खोल्या भाड्याने, म्हणून दिवसा घरच्या एकाच खोलीत झोपणार, आणि तिथेच वर्षाची नात. ती रडली की बाप जागा होणार, आणि झोप न झालेल्या माणसाचा हात मशीनमध्ये जायला वेळ लागत नाही. म्हणून पोरीने तोंड वाकडं केलं रे केलं की साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात. ती चोखतच झोपायची, आणि बाटली तशीच तोंडात राहायची. दात पुसायची पद्धत नव्हतीच. हिरडीच्या कडेला पांढरी रेघ दिसली तेव्हा सुनेने दाखवली. आजी म्हणाल्या, दूध चिकटलंय. रेघ तपकिरी झाली, मग काळी. दुधाचे दात, पडायचेच आहेत, असं सगळेच म्हणाले. एका सकाळी पोरीचा चेहरा सुजला, ताप चढला, आणि चिंचवडच्या दवाखान्यात भूल देऊन तिचे वरचे पुढचे दात काढावे लागले. अंगणवाडीत पोरं तिला बोळकी म्हणू लागली. ती हसताना तोंडावर हात धरायला लागली.

ते दूध आजीच भरत असत.

त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. चहा कोरा, बिनसाखरेचा. होळीला सगळ्या चाळीला पुरणपोळ्या लाटून घालायच्या आणि स्वतः भाकरी खायच्या. एकदा शेंगा सोलताना मी म्हटलं, “आजी, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा?”

“म्हाईत न्हवतं म्हून सोडून देऊ व्हय?” उजवा हात पुढे करून त्या म्हणाल्या. “पोरीचं त्वांड ह्यानं नासवलं. ह्याला मी न्हाई सोडायची.”

माझ्या मुलाची बाटली त्यांनी चिरली तेव्हा मी भांडले होते. हेही रात्रपाळीचे, पोर रडलं तर यांची झोप तुम्ही भरून देणार का, असं मी तोंडावर विचारलं. मुलाला काखोटीला मारून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून हे घरी आले की आजी दारात. चाळीतली सगळी लहान पोरं त्या रिकाम्या गोठ्यात नेत आणि पाहिजे तेवढी बोंबलू देत. बोटाला ओलं फडकं गुंडाळून एकेकाचे दात पुसत. पोरं बोटाला कडकडून चावायची. “चाव, चाव,” त्या म्हणायच्या. “हायेत तवर चाव.” तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा निवळायचा.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दहाव्याला नदीकाठी मुलाने पिंडाशेजारी पेढे ठेवले. कावळा फांदीवरून उतरेना. सून म्हणाली, पेढे उचला. उचलले, तरी नाही. नात पुढे जाऊन हात जोडून उभी राहिली. तिचे नवे दात केव्हाच आलेत, पांढरेशुभ्र, पण तेव्हाही तिचा एक हात तोंडावर गेलाच. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मला नवल वाटलं नाही. ज्या बाईने स्वतःच्या हाताला सोडलं नाही, ती सुखासुखी निघून जाईल कशी?

आम्ही चाळीत परतलो. शेवटच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. बाप भिंतीकडे तोंड करून झोपलेला, उंबऱ्याजवळ बाळ, आणि बाळाच्या तोंडात बाटली. नात त्याच्यासमोर उकिडवी बसली. बाटली अलगद काढली, हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ उचलला.

“आ कर,” ती म्हणाली. बाळाला कळेना, म्हणून आधी तिनेच मोठ्ठा आ करून दाखवला, तोंडावर हात न धरता.

मग ती बाटली घेऊन उठली आणि विळी शोधायला आत गेली.