मतांची ओवाळणी

भर दिव्यांखाली मला राखी बांधायला लावली. ज्याच्याशी स्पर्धा, त्यालाच.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या चौघांत मी एकटीच मुलगी. दिग्दर्शक शनिवार पेठेतले. अगदी आदरानं अपमान करायचे.

"आपण गाता उत्तम हो. पण मतं देतात घरोघरच्या बायका, आणि त्या देतात पोरांना. आपण त्यांना सून म्हणूनही चालायच्या नाहीत. बहीण होऊन बघा."

झाले. ताट धरलं, ओवाळलं, शिवाय वाकून नमस्कारही केला. तो माझ्याहून वयानं लहान. त्यानं कॅमेऱ्याकडे बघत हात जोडले.

"मावश्यांनो, तायांनो, मला देऊन उरलेली मतं माझ्या या बहिणीला द्या. हीच माझी ओवाळणी."

समोर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. मी हसत होते, कारण कॅमेरा तोंडावर होता. कानशिलं तापली होती. उरलेली मतं. शिळंपाकं वाढावं तशी. आणि मी पदर पसरून उभी.

लोणी काळभोरला घरी आले. आई भाकऱ्या थापत होती. म्हटलं, "आई, तू तरी मलाच मत देतेस ना?"

तिचा हात थांबला नाही. "तुला बी देती की. पर आधी त्याला. पोरगं हाय, उद्या घर चालवायचं हाय त्याला. तू काय, लगीन करून जाशील."

वडील गेल्यापासून आमचं घर मी चालवते. वारजेत गाण्याच्या शिकवण्या घेऊन. ती भाकरीही त्यातलीच.

म्हणजे दिग्दर्शक खोटं बोलत नव्हते. मला आईची लाज वाटली. त्याहून जास्त स्वतःची, कारण राखीची गाठ मी माझ्याच हातानं घट्ट मारली होती.

पुढच्या भागात निवेदिकेनं विचारलं, "भावासाठी देवाकडे काय मागशील?"

मी म्हटलं, "हा माझा भाऊ नाही. मी याला हरवायला आलेय. बायांनो, गाणं आवडलं तर मत द्या, नाही आवडलं तर देऊ नका. उरलेलं मला नको."

हे बोलणं टीव्हीवर दिसलंच नाही, कापलं. त्याच आठवड्यात मी बाहेर पडले. घरी झालेलं सांगितलं, तशी आई हळहळली, "राखी निभावली असतीस तर टिकली असतीस."

यंदा पुन्हा निवडचाचणी आहे. मी जाणार आहे. ताट हातात घेणार नाही, रडून दाखवणार नाही. आणि आईला सांगून ठेवलंय, "पहिलं मत माझं. ते द्यायचं नसेल, तर एकही देऊ नकोस."