पाच ढेपांएवढी पुस्तकं

आमच्याकडे गोल पाठीची एक जुनी गाडी होती. तसल्या गाडीला तेव्हा सगळे डुक्कर म्हणायचे. सासऱ्यांनी ती घेतली आणि यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला कामाला लावलं. आमची गुळाची अडत होती. नव्वदच्या सुमाराला यांनी गाडीच्या मागच्या पाट्यांत दोन्ही बाजूंना जास्तीच्या पट्ट्या घालून घेतल्या. पाटा म्हणजे चाकावर गाडीचा भार तोलणारी पोलादी पट्ट्यांची चवड. डिकीत ढेपा भरल्या तरी गाडी बसू नये, एवढाच हेतू. त्यामुळे रिकामी असली की ती मागून उचललेली दिसायची, उडीच्या तयारीतल्या बेडकासारखी. मी शाळेत मराठी शिकवायचे. गाडी यांनीच शिकवलेली, म्हणून कधी कधी तीच घेऊन शाळेत जावं लागे, आणि मला तिची लाज वाटे.

पुढे दहाएक वर्षांनी यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं. डावा हात थोडा परत आला, डावा पाय आला नाही. चार महिने हे लाकडी खुर्चीत बसून होते. अडतीचं काम दिवाणजी बघत होते, पण सौद्याच्या वेळी हे घड्याळाकडे बघायचे आणि बघून झालं की माझ्याकडे.

त्यांना अडतीवर जायचं होतं. अट एकच, कोणी उचलायचं नाही.

"चार हमाल आहेत आपले," मी म्हटलं. "दोघांनी हात दिला तर काय बिघडतं?"

"आयुष्यभर त्यांना ढेपा उचलायला लावल्या. आता मीच ढेप होऊ?"



मग आम्ही एक युक्ती काढली. खुर्ची गाडीच्या मागच्या दाराला लावायची आणि हातावर जोर देऊन खुर्चीवरून सीटवर सरकायचं. पण सीट खुर्चीपेक्षा चार बोटं उंच होती. चार बोटं म्हणजे काय, हे धडधाकट माणसाला कळत नाही. खुर्चीखाली विटा ठेवून पाहिल्या, तर यांचा चांगला पाय लोंबकळायला लागला. जोर द्यायला जमीनच मिळेना. खुर्ची वर जात नव्हती, तेव्हा गाडी खाली आणायची, असं ठरलं.

एका गॅरेजवाल्याने पुण्याहून नवे पाटे मागवायला सांगितलं. आजारपणानंतर ते परवडणारं नव्हतं. "घातलेलं काढायला नवं कशाला लागतं?" हे म्हणाले आणि त्यांनी मला शिरोलीला पाठवलं. एमआयडीसीच्या रस्त्याला ट्रकचे पाटे दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. जास्तीच्या पट्ट्या त्यांनीच घातल्या होत्या; यांना ते अण्णा म्हणायचे. निघण्यापूर्वी मी पडद्याची एक जुनी काठी खुर्चीच्या बैठकीच्या उंचीइतकी कापून घेतली. काठी जमिनीवर उभी करायची, तिचं टोक सीटच्या कडेला भिडलं की काम झालं. माझ्या या शास्त्रीय पद्धतीचा मला अभिमान वाटला होता.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"बाई, लोकं माझ्याकडं पट्ट्या घालाय येत्यात. काढाय आलेल्या तुमी पैल्याच की."

मी कारण सांगितलं. ते वाकून मागच्या पाट्यांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "अण्णास्नी म्हणावं, काळजी करू नका. आमीच वर चढवलंय, आमीच उतरवतो."

दिवसभर मी त्यांच्या दारातल्या बाकावर पुस्तक वाचत बसले. मागून घणाचे आवाज येत होते. एकेक पट्टी काढून पाटा परत बांधायचा, गाडी जॅकवरून उतरवायची आणि मला हाक मारायची. मी काठी लावायची. "अजून दोन बोटं." पुन्हा जॅक. चौथ्या खेपेला काठी बरोबर भिडली. काढलेल्या पट्ट्या मिस्त्रींनी गोणपाटात बांधून दिल्या. सकाळी दिवाणजींनी डिकीत टाकलेल्या पाच मोठ्या ढेपा येताना एका किराणा दुकानात उतरवल्या आणि घरी आले.

हे व्हरांड्यात खुर्ची घेऊन तयारच बसले होते. मी गाडी लावली, दार उघडलं. सीट खुर्चीपेक्षा दोन बोटं उंच होती.

मी काठी लावली. पुन्हा लावली. जमीन सपाट नसेल म्हणून गाडी पुढे घेतली. हे माझ्याकडे बघत होते.

"जाताना डिकीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाच ढेपा होत्या."

आमच्या घरात हे असंच होतं. डिकीत गूळ असणं म्हणजे डिकी रिकामी असणं. वीस वर्षं त्या गाडीत बसून गुळाचा वास मला येईनासा झाला होता, तसं त्याचं वजनही दिसेनासं झालं होतं. दीडशे किलो मागे ठेवून मी काठी लावत होते.

हे हसायला लागले. आजारपणानंतर इतके हसलेले मी पाहिले नव्हते. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. "एवढी शिकलेली बायको केली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परत शिरोलीला गेले. मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "आता न्हाय जमायचं. अजून एक पट्टी काढली तर खड्ड्यात अ‍ॅक्सल बॉडीला मारंल. गूळ ऱ्हाऊ दे की आत. अडतवाल्याला गुळाचा काय तोटा हाय व्हय?"

गूळ ठेवला. आठ दिवसांत मुंग्यांची रांग डिकीतून मागच्या सीटवर आली. उन्हाने एक ढेप पाझरली. वाळूची पोती आणावीत असा विचार मी करत होते, तेव्हा हे म्हणाले, "पुस्तकं ठेव ना तुझी. वीस वर्षं ऐकवतोय, घर खचेल म्हणून. आता गाडी तरी खचू दे."

दिवाणजींनी माझी दोन ट्रंका पुस्तकं अडतीवर नेऊन काट्यावर घातली आणि भाव पुकारावा तशा आवाजात सांगितलं, "पाच ढेपांना चार किलो कमी." ती तूट मी दोन शब्दकोशांनी भरून काढली. ट्रंका डिकीत आडव्या बसल्या. मी काठी लावली. भिडली.

यांनी खुर्चीच्या हातावर उजवा हात रोवला, चांगला पाय जमिनीत दाबला आणि सरकले. अर्धे आत गेल्यावर थोडे थांबले. मी हात पुढे केला नाही. मग डावा पाय त्यांनी स्वतःच्या हाताने, पँट धरून, आत ओढला.

"चल," म्हणाले.

पुढची चार वर्षं आम्ही रोज असेच गेलो. खुर्ची टपावर बांधून न्यायची आणि अडतीच्या दारात उतरवायची; हे तसेच सरकून तिच्यात यायचे आणि तिथूनच सौदे बघायचे. हमाल पहिले काही दिवस मान वळवून उभे राहायचे, नंतर आपापलं काम करायला लागले. दर सहा महिन्यांनी पाटे थोडे बसायचे, तेवढी पुस्तकं मी कमी करायचे. घरी आणून वाचायचे. काहींना गुळाचा वास लागला होता, तो अजून आहे.

हे गेले ते सकाळी, खुर्चीतच. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. विभूती लावून यांना मांडी घालून बसवलं. डावा पाय दुमडायला वेळ लागला. अडतीचे चारही हमाल आले होते. विमानाला, म्हणजे बसवून न्यायच्या पालखीला, खांदा द्यायला ते वाकले आणि तसेच थांबले. त्यांतला सर्वांत जुना माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "वैनी, उचलू?"

इतकी वर्षं त्यांना जे करू दिलं नव्हतं, ते आता मला विचारत होते. मी यांच्याकडे पाहिलं. पाठ ताठ होती.

"उचला," मी म्हटलं.