सगळ्यात जवळचं टार्गेट

मी राहतो त्या ब्लॅकटाउनपासून तासाभरावर एक उघड्यावरची शूटिंग रेंज आहे. ऑफिसातल्या मित्राच्या नादाने मी शनिवारी तिथे प्रॅक्टिसला जायला लागलो आणि शेजारच्या बाकावर तो म्हातारा दिसायला लागला. उन्हाने रापलेली मान, गुडघ्यावर विरलेली पँट. आम्ही सगळे लांबच्या टार्गेटसाठी धडपडायचो. हा मात्र आपला कागद सगळ्यात जवळच्या फळीवर लावायचा आणि एकेका गोळीसाठी इतका वेळ नेम धरून बसायचा, की मला हसू यायचं.

एकदा माझे कानांवरचे इअरमफ सारखे घसरत होते. त्याने उठून ते नीट बसवून दिले. मी थँक्स म्हटलं आणि विचारलंच, "तुम्ही एवढ्या जवळून का मारता?"

"घरी घोडी आहे," तो म्हणाला. "पाय गेलेत तिचे. हा हिवाळा काही ती काढायची नाही. आणि परका माणूस जवळ आला की बिथरते, म्हणजे मलाच करायला हवं. कुत्र्याच्या वेळी माझा हात हलला होता. दुसरी गोळी घालावी लागली."

तेवढ्यात गोळीबार थांबवायची हाक आली. आम्ही दोघं चालत टार्गेटपाशी गेलो. त्याच्या कागदावरची सगळी भोकं मधोमध, एकमेकांना चिकटून होती.

"मग आता काळजी कसली?" मी म्हटलं.

त्याने कागद काढून हळूहळू घडी घातली.

"कागद माझ्याकडे बघत नाही, मित्रा."